भोंगाताईंची शंभर घरं

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्या पदरात फुकटचं पुण्य टाकणार नाही: मला कुत्री आवडत नाहीत. मांजरं तर नाहीतच. खिडकीत चिमणी आली तर मी तिला हाकलत नाही, माझी भूतदया इथवरच. पण ही हकिगत माझी नाही, माझ्या नणंदेची आहे, आणि ती मलाच सांगावी लागतेय, कारण त्यांच्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, चार वाक्यं सलग बोलायचा कंटाळा.

नणंदेला सगळे भोंगाताई म्हणतात. बस स्थानकाच्या चौकशीच्या खोलीत, काचेमागे बसून त्यांनी सगळी नोकरी काढली. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येणार, कुणाचं पोर हरवलंय आणि ते निळा सदरा घालून खिडकीपाशी रडत उभं आहे, हे सगळं त्यांच्या तोंडून भोंग्यावर जायचं आणि अख्ख्या स्थानकावर पसरायचं. आवाज गावाच्या ओळखीचा, चेहरा कुणाच्याच नाही. निवृत्त होताना त्यांनी माइक परत केला, पण सवय घरी घेऊन आल्या. आमच्याकडे जेवायची हाकसुद्धा अशी येते: "जेवण तयार आहे. जेवणाऱ्यांनी हात धुऊन यावे." आणि लगेच तेच पुन्हा एकदा. लग्न त्यांनी केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर दोनदा ऐकावं लागलं असतं.

कुत्र्यांचं वेड त्यांना नोकरीतच लागलं. चौकशीच्या खोलीच्या पायरीवर एक कुत्री झोपायची. एका चालकानं गाडी मागे घेतली आणि तिच्या मागच्या एका पायावरून चाक गेलं. ताईंनी भोंग्यावर विचारलं, "प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जाण्याचा रस्ता ज्यांना माहीत असेल त्यांनी त्वरित चौकशीच्या खिडकीशी यावे." एकजण आला. प्राण्यांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर होते ते. अंगानं काडी, आवाज इतका मऊ की ऐकायला वाकावं लागतं. त्यांनी ती कुत्री उचलली आणि आपल्या जागेत नेली. ताई त्या दिवशी कामाची पाळी संपल्यावर तिला बघायला गेल्या, त्या आजतागायत जातायत.

कंपाउंडरांची जागा म्हणजे बंद पडलेला बर्फाचा कारखाना. मी पहिल्यांदा नाकाला पदर लावूनच आत गेले होते, पण जागा प्राण्यांसाठीच बांधलीय असं वाटावं इतकी सोयीची आहे हे कबूल करते. भिंती हातभर जाड, त्यामुळे उन्हाळ्यातही आत गारवा. फरशीला उतार आणि मध्ये गटार, कारण वितळलेलं पाणी वाहून जायला हवं; आता बादलीभर पाणी टाकलं की सगळी घाण आपोआप बाहेर. बर्फाच्या खोल्यांचे जाडजूड दरवाजे कंपाउंडरांनी अर्ध्यात कापून घेतले, म्हणजे वरून बघता येतं आणि खालून कुणी पळत नाही. तिथं साठेक जीव राहतात. बहुतेक म्हातारे, लंगडे, नाहीतर इतके कुरूप की फुकट दिले तरी कुणी नेणार नाही. खुर्ची रिकामी दिसली की तीत जाऊन बसणारा मॅनेजर. छत्रीवाल्यांवरच भुंकणारा हवालदार. तीन पायांवर, चार पायांच्यांपेक्षा जोरात पळणारी तिपाई. बसखाली सापडलेली ती हीच. आणि एक म्हातारं गाढव, त्याला नाव नाही, सगळे त्याला अहोजाहो करतात.

कारखान्याचे मालक भले गृहस्थ. धंदा बंद झाल्यावर त्यांनी जागा कंपाउंडरांना अशीच वापरू दिली होती. पण त्यांच्या घरात जावई आला, आणि जावयाला रिकामी जागा बघवत नाही. त्यानं फर्निचरचा एक व्यापारी गाठून आणला, गोदाम हवं असलेला, दर महिन्याला रोख भाडं देणारा. मालकांनी ताईंना आणि कंपाउंडरांना बोलावून घेतलं.

"मी काही तुम्हाला हाकलत नाही," मालक म्हणाले. "पण तो व्यापारी देतो त्याच्या निम्मं भाडं तरी दर महिन्याला यायला हवं. एकदाच भलीमोठी रक्कम आणून टेबलावर ठेवलीत तर ती मला नको. महिन्याच्या महिन्याला येईल, याची खात्री दाखवा. उन्हाळाभर थांबतो. नाही जमलं तर किल्ली परत द्या."

परत येताना ताईंनी रस्त्यातच हिशेब मांडला. शंभर घरांनी महिन्याला थोडंथोडं दिलं, एका घरानं फार तर दोन वेळच्या दुधाचे पैसे, तर भाडं भागतं आणि औषधांनाही काही उरतं. "शंभर घरं हवीत," त्या घरी येऊन म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "शंभर घरं हवीत."

"आणि नाही मिळाली तर?" मी विचारलं.

"मिळवायची," ताई म्हणाल्या आणि पाणी प्यायला आत गेल्या. किल्ली परत गेली तर ती साठ जनावरं कुठं जाणार, हे त्या बोलल्या नाहीत. सगळ्यांनाच माहीत होतं. नगरपालिकेच्या पिंजऱ्यात जी म्हातारी जनावरं जातात ती बाहेर येत नाहीत.

सुरुवात झाली डब्यांपासून. दुकानांच्या गल्ल्यांजवळ ठेवायचे पत्र्याचे डबे ताईंनी रंगवून घेतले. मी मेडिकलच्या दुकानात काउंटरवर उभी असते, त्यामुळे एक माझ्याही नाकासमोर आला. महिन्यानं उघडले तेव्हा त्यांत चिल्लर निघाली, शर्टाची बटणं निघाली, आणि माझ्या डब्यात कुणीतरी टाकलेली अर्धी पोटदुखीची गोळी. मग ताई मोठ्या माणसांकडे गेल्या. मोठी माणसं देतात, नाही असं नाही, पण ज्यावर नाव कोरता येतं तेच देतात. एकानं पाणी गार करायचं यंत्र दिलं, वर वडिलांच्या नावाची पाटी. ते बघून दुसऱ्यानं दुसरं दिलं, आईच्या नावाचं. एका बिल्डरनं लोखंडी फाटक बसवून दिलं, इतकं भारी की उघडायला दोन माणसं लागतात, आणि त्यावर हातभर अक्षरांत त्याचं नाव. आत छप्पर गळकंच होतं. कुत्र्यांना गार पाणी चालत नाही, घसा धरतो, म्हणून यंत्रं बंद करून त्यांवर गोण्या वाळत घातल्या. झाडूवाल्याचा पगार, खरजेचं मलम, गाढवाचा भुसा यांसाठी कुणी पाकिटाला हात घालेना. झाडूवाल्याच्या पगारावर पाटी कुठं लावणार?

कंपाउंडर म्हणाले, "तिपाईचा जुना फोटो आहे, चाकाखालून काढली तेव्हाचा. तो छापला तर लोकांना दया येईल."

"येईल," ताई म्हणाल्या. "पण ती आता धावते. जी धावते तिला पुन्हा रस्त्यावर पाडून दाखवायचं? मी असं मागणार नाही."

कंपाउंडरांनी फोटो परत खिशात घातला. मला मात्र राग आला. मागायला निघालेल्या माणसानं इतका ताठा धरू नये असं माझं मत होतं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. ताईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग निघाला फोन. कंपाउंडर एक चांगली सवय पाळून होते: कुणीही जनावर आणून सोडलं की त्याचा नंबर लिहून घ्यायचे, पुढे काही विचारावं लागलं तर असावा म्हणून. घर बदललं म्हणून, मूल झालं म्हणून, म्हातारं झालं म्हणून आपलं जनावर तिथं सोडून गेलेली ही माणसं. ताईंनी ठरवलं की पहिला हक्क यांच्यावर. आमच्या बाहेरच्या खोलीत खुर्ची मांडली, पाणी भरून तांब्या ठेवला, चष्मा पुसला आणि रोज सकाळी दहाच्या ठोक्याला नोकरीवर बसल्यासारख्या त्या फोनला बसायला लागल्या. उन्हाळ्याचा आणखी एक महिना असा गेला. किती घरं झाली विचारलं की म्हणायच्या, "प्रयत्न चालू आहेत." घरं झाली होती चार. त्यांतलं एक आमचं, तेही माझ्या नवऱ्यानं मला न विचारता दिलेलं.

दुकानाला सुट्टी होती त्या दिवशी मी स्वयंपाकघरात गहू निवडत बसले होते आणि पहिल्यांदा तो फोन नीट कानावर आला.

"नमस्कार. इकडे लक्ष द्यावे. बर्फाच्या जुन्या कारखान्यातील आजारी व वृद्ध जनावरांच्या निवाऱ्यासाठी दरमहा मदतीची गरज आहे. इच्छुकांनी आपले नाव नोंदवावे. बर्फाच्या जुन्या कारखान्यातील आजारी व वृद्ध जनावरांच्या निवाऱ्यासाठी दरमहा मदतीची गरज आहे. इच्छुकांनी आपले नाव नोंदवावे. धन्यवाद."

आणि खट्. फोन खाली.

मी सूप बाजूला ठेवलं. पुढचा नंबर. पुन्हा नमस्कार, पुन्हा लक्ष द्यावे, पुन्हा दोनदा तेच, पुन्हा खट्. पलीकडच्या माणसाला हुं म्हणायलाही जागा नाही. मला हसू आवरेना, म्हणून मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. मग वाटलं, असेल काहीतरी पद्धत, आपण कशाला मध्ये पडा.

दोनच दिवसांनी दुकानात एक शिवणकाम करणारी बाई रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आली. पैसे देऊन झाले तरी हलेना. "त्या बस स्थानकावरच्या बाई तुमच्याच ना?" तिनं विचारलं. "मला फोन आला होता त्यांचा. मी हो हो म्हणत होते, नाव सांगत होते, पण त्यांनी ठेवूनच दिला. मला वाटलं, माझं काही चुकलं. तुमच्याकडे देऊ का?"

तिच्यामागे रांगेत उभा असलेला माणूस म्हणाला, "मलाही आला होता. मला वाटलं रेकॉर्ड केलेलं आहे."

मी त्या दिवशी दुकानातून तडक घरी आले, चपला काढल्या नाहीत, आणि ताईंसमोर उभी राहिले.

"ताई, तुम्ही लोकांना बोलू का देत नाही?"

"म्हणजे?"

"म्हणजे माणूस हो म्हणतोय आणि तुम्ही फोन ठेवताय! महिनाभर तुम्ही गावाला सूचना देत बसलाय. मागितलंय कुठं? मागितलं की थांबायचं असतं!"

मी जरा जास्तच चढ्या आवाजात बोलले असणार, कारण नवरा आतून बाहेर आला आणि परत आत गेला. ताईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. बराच वेळ त्यांच्या लक्षातच येईना मी काय म्हणतेय ते. मग हळूहळू आलं, आणि त्यांचा चेहरा बघून मला माझ्या आवाजाची लाज वाटली.

"अगं, काचेपलीकडचं ऐकू यायचं नाही," त्या म्हणाल्या. "लोक खिडकीशी येऊन काय काय बोलायचे, हातवारे करायचे, शिव्यासुद्धा देत असतील. मला नुसती तोंडं हलताना दिसायची. एकाला उत्तर द्यायला गेलं तर पुढच्या गाडीची सूचना चुकायची. म्हणून बोलायचं आणि बटण बंद करायचं. तीच सवय."

"मग मोडा ती."

"सवय मोडेन गं." त्या खाली बघत म्हणाल्या, "पण वाट बघितली की नाही पण ऐकावं लागतं. फोन ठेवला की निदान कुणी नाही म्हणालेलं नसतं."

त्यांना कुणाच्या नकाराची भीती वाटत असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. ज्या बाईच्या एका वाक्यावर सगळं स्थानक सामान उचलून पळायचं, ती बाई. मी आत गेले, चपला काढल्या, आणि येताना पर्समधून खोकल्याच्या चघळायच्या गोळ्यांची पट्टी घेऊन आले.

"हे घ्या," म्हटलं. "एकदा मागायचं. एकदाच. मागून झालं की गोळी तोंडात टाकायची आणि पलीकडचा बोलेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

तालीम घरातच झाली. नवऱ्याला आतल्या खोलीत दुसरा फोन देऊन बसवलं. त्याला सांगितलं होतं की सहज हो म्हणायचं नाही. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी बोलायची सक्ती केलेली, त्यामुळे तो रंगात आला. तो म्हणाला माझ्याकडे पैसे नाहीत, तो म्हणाला माझी बायको तापट आहे, तो म्हणाला कुत्री चावतात. ताईंनी गोळी चघळत सगळं ऐकून घेतलं. दोनदा त्यांचा हात फोन ठेवायला गेला आणि दोन्ही वेळा मी तो धरला. संध्याकाळपर्यंत पट्टी संपली, आणि त्यांची जीभ बडीशेपेच्या रंगाची हिरवी झाली होती.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्यांनी पहिला खरा फोन लावला. पलीकडचे गृहस्थ तापले. माणसं उपाशी मरतायत आणि तुम्हाला कुत्र्यांचं पडलंय, इथपासून सुरुवात करून ते नगरपालिकेवरून महागाईवर गेले. ताई ऐकत राहिल्या. डोळे मिटलेले, एक हात खुर्चीच्या दांड्याला घट्ट. तो माणूस दमला तेव्हा म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. वेळ दिलात, आभारी आहे." फोन ठेवला, तांब्यातलं पाणी प्यायल्या, आणि माझ्याकडे न बघता दुसरा नंबर फिरवला. नकार ऐकून आपण मरत नाही हे एकदा कळलं, आणि मग त्या जनरेटरसारख्या चालू झाल्या.

लोक बोलायला लागले, आणि काय काय बोलायला लागले! निम्म्यांनी आवाज ओळखला. एक निवृत्त चालक म्हणाला, "बाई, तुम्ही गाडीचं नाव घेतल्याशिवाय मी गिअर टाकला नाही कधी." त्यानं नाव नोंदवलंच, शिवाय डेपोतल्या जुन्या मंडळींना धरून आणलं, ती आठ घरं एका दमात झाली. कुणी एकट्या आजी ताईंशी तासभर गुडघेदुखीवर बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, "लिहा माझं नाव, पण फोन करत जा." शिवणकामवाल्या बाईनं आपल्या गल्लीतली सहा घरं आणली आणि वर जुन्या चादरी. पैसे थोडे, अगदी थोडे. पण दर महिन्याचे.

एक फोन मात्र मी विसरू शकत नाही. घर बदलताना आपला म्हातारा कुत्रा कारखान्यात सोडून गेलेली बाई होती. ताईंनी मागितलं, आणि थांबल्या. पलीकडून बराच वेळ काही नाही. मग बाईनं विचारलं, "तो आहे का हो अजून?"

गोळी गालात सरकवून ताई म्हणाल्या, "नाही हो. गेला. पण एकटा नव्हता. कंपाउंडर त्याच्याजवळ बसले होते."

ती बाई रडत होती, इकडे मला ऐकू येत होतं. ताईंनी घाई केली नाही. समजूत काढली नाही, दोनदा सांगितलं नाही. शेवटी बाई म्हणाली, "माझं नाव घ्या. कितीही वर्षांसाठी." त्या दिवशी ताईंनी पुढचा फोन केला नाही. त्या उठून कारखान्यात गेल्या आणि दुपारभर गाढवाला खरारा करत बसल्या.

दुसरं एक त्यांनी सुरू केलं, त्यावरून मी आणि कंपाउंडर दोघंही त्यांच्याशी भांडलो. ज्यांनी नाव नोंदवलं त्यांना महिन्यातून एकदा फोन, आणि त्यात काही मागायचं नाही. "मॅनेजरचा किडलेला दात काढला, आता खुर्ची सोडत नाही." "छप्पर शाकारलं, तुमच्या पैशातून." "हवालदाराची छत्रीशी दोस्ती झाली, निदान काळ्या छत्रीशी." मी म्हटलं, ताई, हा फोनचा खर्च अंगावर येईल, जे देतायत ते देतायतच. त्या म्हणाल्या, "गाडी सुटली एवढं सांगितलं की माझं काम संपायचं. पोचली का, हेही कुणीतरी सांगायला हवं होतं. ते सांगायला कुणी नव्हतं तिथं." मी वाद सोडून दिला. आणि खरंच, एकदा नाव दिलेलं घर सहसा गळलं नाही. लोखंडी फाटक देणारे बिल्डर एव्हाना आपलं नाव बरोबर दिसतं का ते बघायला येऊन गेले होते, आणि पुन्हा आले नव्हते.

उन्हाळा संपत आला तेव्हा शंभर घरं झाली. शंभरावर पाच. आम्ही तिघं मालकांकडे निघालो: ताई इस्त्रीच्या साडीत, कंपाउंडर नव्या चपलांमुळे लंगडत, आणि मी, कारण ताई म्हणाल्या, "तू नुसती बरोबर ये."

मालकांची बैठकीची खोली मोठी आणि अंधारी. मालक आरामखुर्चीत, जावई टेबलाशी. ताईंनी सगळं सांगितलं, एकदाच, आणि थांबल्या. जावयानं घरांची यादी उलटसुलट करून पाहिली. नावं ठेवायला त्यात काही सापडलं नाही तेव्हा त्यानं ती सासऱ्यांकडे सरकवली. मालकांनी ती वाचलीसुद्धा नाही.

"मेहनत केलीत," ते म्हणाले. "पण मी नाहीच म्हणणार. माफ करा."

कंपाउंडरांनी डोळे मिटून घेतले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शब्द दिलेला माणूस! मी तोंड उघडणार इतक्यात ताईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"का, ते सांगाल?" त्यांनी विचारलं. आणि गप्प.

ती शांतता जावयाला सोसेना. तो व्यापाऱ्याचं, जागेच्या दराचं, वासाचं, शेजाऱ्यांचं काही काही बोलत राहिला. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. ताई मालकांकडे बघत होत्या आणि मालक स्वतःच्या हातांकडे. शेवटी जावयाचं बोलणं आटलं, आणि मग म्हातारा बोलला.

"पैशांचं नाही हो. पैसे येतील, मला दिसतंय ते. पण हे कंपाउंडर माझ्या वयाचे. तुम्हीही काही तरुण नाही. उद्या तुमच्यातला एक आजारी पडला, की सकाळी कुलूप कोण उघडणार? शंभर घरं पैसे पाठवतील. पण दार उघडायला शंभरातलं कोण येणार आहे? मग ती साठ जनावरं माझ्या दारात, आणि त्यांना पिंजऱ्याच्या गाडीत घालायचं काम माझ्या हातून. ते माझ्यानं होणार नाही. त्यापेक्षा आत्ता नाही म्हणणं बरं."

त्यांचं बरोबर होतं. मी मनातल्या मनात शंभर घरं चाळली: डेपोतली मंडळी सगळी म्हातारी, शिवणकामवालीच्या पदरी चार पोरं, गुडघेदुखीच्या आजी. मला वाटलं आता ताई उठतील, नमस्कार करतील, आणि आम्ही किल्ली ठेवून निघू.

ताई उठल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या.

"करारावर तिसरं नाव तुझं घालू का?" त्यांनी विचारलं. एकदाच विचारलं, आणि थांबल्या.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला पुढचं सगळं माहीत होतं. कितीही वेळ गेला तरी त्या बोलणार नाहीत, हे मीच तर शिकवलं होतं. मी दुकानाची वेळ आठवली, कंबर आठवली, केसांनी भरणारे कपडे आठवले. नाही म्हणायला कारणं भरपूर होती आणि एकही खोटं नव्हतं. पण मी ताईंकडे पाहिलं आणि त्यांचा हात दिसला, साडीचा पदर मुठीत गच्च धरलेला. नगरपालिकेवर ताशेरे ओढणाऱ्या माणसाच्या फोनवेळीही त्यांनी खुर्चीचा दांडा इतका घट्ट धरला नव्हता.

इतकी वर्षं आम्ही एका घरात राहतो. एका तव्यावरचं खातो. त्यांनी अनोळखी माणसांपुढे हात पसरला, डेपोत मागितलं, ज्यांनी आपली जनावरं टाकून दिली त्यांच्याकडे मागितलं. मला मात्र त्यांनी कधी साधं विचारलंही नव्हतं, कारखान्यात मदतीला येतेस का म्हणून. मला वाटायचं, माझा स्वभाव बघून सोडून दिलं असेल. सोडून दिलेलं नव्हतं. सगळ्या गावाच्या नकाराला त्या तयार झाल्या होत्या. भीती होती ती माझ्या नकाराची.

"मी कुत्र्यांना हात लावणार नाही," मी म्हणाले. "औषधं बघीन. हिशेब बघीन. आणि सकाळी दुकानात जायच्या आधी दार मी उघडत जाईन."

ताईंनी मान हलवली. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण ओठ नुसते हलले. मालकांनी जावयाला आतून कराराचे कागद आणायला सांगितले. तो जरा रेंगाळला, मग गेला. कंपाउंडर नाक शिंकरायला बाहेर गेले, आणि मी माझं पूर्ण नाव सांगायला लागले.